जामीन मिळाला, तरी माणूस आतच: कच्च्या कैद्यांसोबतचं काम, नोकऱ्या आणि नेतृत्व

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा: "ताई, मी पुण्यात एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) केलं आणि दोन वर्षं एका कंपनीच्या सीएसआर विभागात काम करतेय. मला फौजदारी न्यायव्यवस्थेत यायचंय. खटला चालायच्या आधीच तुरुंगात अडकून पडलेल्या लोकांसाठी काम करायचंय. यात करिअर होतं का? कोणती पदं असतात? पुढे टीम चालवायची, नेतृत्व करायचं, तर काय शिकायला हवं? घरून विरोध आहे."

तू ताई म्हणालीस म्हणून मीही एकेरीत लिहिते. मी वकील नाही. समाजकार्य शिकले आणि बावीस वर्षं तुरुंग, कोर्ट आणि वस्ती या तीन ठिकाणी फिरतेय. पदांची यादी पुढे देतेच, पण सुरुवात तिथून नको. यादी वाचून आलेली माणसं वर्षभरात परत गेलेली मी पाहिली आहेत. आधी काम काय असतं ते बघ.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तुरुंगात आम्ही आठवड्यातून दोनदा कच्च्या कैद्यांशी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही त्यांच्याशी, बोलायचो. बॅरेकबाहेर लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडलेलं असायचं. बावीस वर्षांचा एक मुलगा आला. मराठवाड्यातून आलेला, पुण्यात बिगारी काम करणारा. मोबाइल चोरीचा गुन्हा. मी विचारलं, जामिनाचा अर्ज केलाय का? तो म्हणाला, "जामीन झालाय की. चार महिने झाले." कागद पाहिले तर खरंच पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे तारखेला येईन नाहीतर रक्कम भरेन असं स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असा आदेश होता. जामीनदार आणणार कोण? घरच्यांना तो आत असल्याचंच माहीत नव्हतं. मोबाइल जप्तीत गेलेला आणि आईचा नंबर पाठ नाही.

त्याला घरचा पत्ता नीट सांगता येईना. मग मी पत्ता सोडला आणि विचारलं, सकाळी उठून कामावर कसा जायचास ते सांग. तेव्हा तो बोलायला लागला. हडपसरच्या पुढे एक मजूर अड्डा, तिथे वडापावची गाडी, गाडीमागे लाल रंगाची पाण्याची टाकी, टाकीपाशी मुकादम दुचाकी लावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी तिथे उभी होते. टाकी लाल होती. मुकादम भेटला. तो म्हणाला, "पोरगं न सांगता पळालं असं वाटलं. सहा दिवसांची मजुरी माझ्याकडेच पडलीय त्याची." त्याने दुचाकीच्या डिकीतून हजेरीवही काढली. त्या मुलाच्या नावापुढे साडेतीन महिने रोजची खूण होती, मग अटकेच्या दिवसापासून ओळीने 'खा', 'खा', 'खा'. खाडा. आठवड्याने मुकादमाने नावावर रेघ मारली होती.

त्या पानाची झेरॉक्स काढली, मुकादमाचं म्हणणं लिहून घेतलं, गावच्या सरपंचाशी बोलले, आईशी बोलले. दोन पानांचा अहवाल विधी सेवेच्या, म्हणजे सरकारी मोफत कायदेशीर मदतीच्या, वकिलांमार्फत कोर्टापुढे गेला. न्यायाधीशांनी अहवाल चाळला आणि हजेरीच्या पानावर थांबले. बोट ठेवून खाड्याच्या खुणा मोजल्या. जामीनदाराची अट काढली आणि जातमुचलक्यावर सोडायचा आदेश केला. चार महिने जे अडलं होतं ते एका झेरॉक्सने सुटलं.

हेच काम आहे. न्यायाधीशापुढे रोज पंचवीस-तीस माणसं उभी राहतात. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. हा माणूस कुठे राहतो, काय करतो, याची वाट बघणारं कोणी आहे का, तारखेला येईल का, हे कोर्टाला कळायला मार्ग नसतो. पोलिसांच्या कागदात गुन्हा असतो, माणूस नसतो. मग कोर्ट सुरक्षित वाट धरतं आणि जामीनदार मागतं. सातबारा, घरपट्टीची पावती, पगारपत्रक, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. ज्याच्याकडे यातलं काही नाही तो जामीन मिळूनही आत. कोर्टापुढे पडताळून पाहिलेली माहिती ठेवणं हे आपलं काम. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला येतं.

अमेरिकेत या क्षेत्राला प्रीट्रायल सर्व्हिसेस म्हणतात आणि त्याची सुरुवातही अशीच झाली. १९६१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हेरा संस्थेने मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट सुरू केला. कायद्याचे विद्यार्थी आरोपीला भेटून विचारायचे: या पत्त्यावर किती वर्षं राहतोस, नोकरी कुठे, जवळचं कोण. मग फोन करून ते खरं आहे का तपासायचे आणि न्यायाधीशाला शिफारस करायचे. पैसे न भरता सुटलेली बहुतेक माणसं तारखेला हजर राहिली. त्यातून १९६६ चा जामीन सुधारणा कायदा झाला, १९८२ मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयांसाठी प्रीट्रायल सेवांचा कायदा झाला, आणि आज तिथे हा रीतसर व्यवसाय आहे. त्यात अधिकारी असतात, प्रशिक्षण असतं, १९७३ पासून त्यांची राष्ट्रीय संघटना आहे. आपल्याकडे असं स्वतंत्र खातं नाही. पण विचार मात्र पंचेचाळीस वर्षांहून जुना आहे. १९७९ च्या हुसैनारा खातून खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी हेच प्रश्न लिहून ठेवले: आरोपी किती काळ तिथे राहतोय, नोकरी, कुटुंब, त्याची खात्री देणारी माणसं. मुळं रुजलेली असतील तर जातमुचलक्यावर सोडा, असं सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी मोतीराम खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे एक गवंडी होता. दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला जामीनदार म्हणून नाकारलं होतं. परजिल्ह्यातला जामीनदार म्हणून नाकारणं चूक आहे, हे त्या निकालाने स्पष्ट केलं. हे दोन्ही निकाल मूळातून वाच. भाषा जड नाही.

विचार होता, ते प्रश्न विचारायला माणूस नव्हता. तो माणूस म्हणजे तू. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे. म्हणजे चारातले तीन जण असे, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही.

आता कायद्याचं. एमएसडब्ल्यूच्या मुलांना कलमांची भीती वाटते आणि वकिलांना वस्तीची. दोन्ही घालवावी लागते. रोजच्या वापरातली कलमं थोडीच आहेत, पण ती झोपेत विचारलं तरी सांगता आली पाहिजेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १८७ नुसार तपास ठरलेल्या मुदतीत, म्हणजे दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या, जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यात ९० आणि बाकीच्यांत ६० दिवसांत संपून आरोपपत्र आलं नाही, तर जामिनाचा हक्क मिळतो. पण अर्ज करावा लागतो, आणि अर्जाआधी आरोपपत्र आलं तर हक्क गेला. त्यामुळे साठ दिवसांच्या गुन्ह्यात एकसष्टाव्या दिवशी वकील कोर्टात उभा हवा. हे दिवस तू मोजायचे, कारण बाकी कोणी मोजत नाही. कलम ४७८: जामीनपात्र गुन्हा असेल आणि आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं धरून कोर्टाने जातमुचलक्यावर सोडायचं. कलम ४७९: आधी कधीच शिक्षा न झालेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ काढला, इतरांनी निम्मा काढला, तर सुटकेसाठी कोर्टाकडे लेखी अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात येत नाहीत, आणि एकापेक्षा जास्त खटले असलेला माणूसही नाही. हा शेवटचा अपवाद नीट लक्षात ठेव. भुरट्या चोरीच्या तीन-तीन केसेस अंगावर असलेली पोरं त्यातच अडकतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे कलम जुन्या खटल्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही लागू आहे.

३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश तर छापून टेबलाच्या काचेखाली ठेव. जामिनाचा आदेश ईमेलने तुरुंगात त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पोचवायचा. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आणि त्यांनी विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगभेटीचा वकील पाठवायचा. त्या माणसाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अहवाल करून घेता येतो. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट आपणहून अट सैल करू शकतं. शिवाय २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तेव्हा जामिनाच्या रकमेसाठी कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंत, दंडासाठी शिक्षा झालेल्याला २५ हजारांपर्यंत मदत ठरली होती. जिल्ह्याची समिती ठरवते. या समितीपुढे प्रकरण पोचवायचं तरी कोणीतरी कागद लिहावा लागतोच.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुण्यात ती रोज दिसेल. पारधी, वडार, वैदू अशा भटक्या-विमुक्त कुटुंबांतली माणसं मुलाखतीच्या टेबलावर फार येतील. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्माने गुन्हेगार ठरवलं त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून गेला. पण कोर्टात 'पत्ता नाही, ओळखपत्र नाही, पळून जाईल' हा युक्तिवाद त्यांच्याविरुद्ध सगळ्यात सहज केला जातो. पालावर राहणाऱ्या बाईचा पत्ता नसतो असं नाही. ती त्याच पुलाखाली अकरा वर्षं राहतेय, शेजारचा चहावाला, शाळेच्या बाई आणि दवाखान्याचा केसपेपर तिला ओळखतात. ते पुरावे गोळा करायला शीक. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं, तोही निकाल वाच.

आता पदं. पुण्याचा फायदा असा की कारागृह विभागाचं राज्याचं मुख्यालय, महिला व बाल विकास आयुक्तालय, येरवडा मध्यवर्ती कारागृह आणि जिल्हा न्यायालय हे सगळं एकाच शहरात आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत शिवाजीनगर कोर्टातून येरवड्याला जायला दोन बस लागायच्या, आता मेट्रोची एकच मार्गिका दोन्हीकडे जाते.

तुझ्यासारख्या समाजकार्याच्या मुलीला सरकारी वाट म्हणजे परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर). १९५८ च्या परिविक्षा कायद्यात, आणि मुलांच्या बाबतीत बाल न्याय कायद्यात, कोर्टाला माणसाच्या परिस्थितीचा अहवाल देणारा हा अधिकारी. एकवीस वर्षांखालच्या दोषीला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाने हा अहवाल मागवावा असं तो कायदाच सांगतो. भरती महिला व बाल विकास विभागाची. पद लहान दिसतं, पण माझ्या मते आपल्या व्यवस्थेतली ही सगळ्यात कमी वापरलेली ताकद आहे. चांगला परिविक्षा अधिकारी एका जिल्ह्याचं चित्र बदलतो, मी बदललेलं पाहिलंय.

दुसरी वाट संस्थांची. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून मुंबईत तुरुंगात आणि पोलीस ठाण्यांत समाजकार्यकर्ते बसवतोय. आपल्या राज्यात हे काम कसं करतात ते बहुतेकांनी तिथूनच शिकलं. संस्थेत काम सगळ्यात जास्त शिकायला मिळतं, पण पगार अनुदानावर असतो आणि अनुदान दोन-तीन वर्षांचं. मुलाखतीला गेलीस की लाजू नकोस. प्रकल्पाची मुदत किती, पीएफ आहे का, प्रवासखर्च वेगळा मिळतो का, हे स्पष्ट विचार. चांगल्या कामाला कमी पगार शोभतो अशी एक समजूत आपल्या क्षेत्रात आहे. तिने आम्ही कितीतरी हुशार माणसं गमावली.

वकिली केलीस तर लोक अभिरक्षक कार्यालय आहे. २०२२ च्या योजनेनुसार जिल्ह्याजिल्ह्यात पूर्णवेळ बचाव वकील नेमले गेले. मुख्य पदासाठी फौजदारी वकिलीची दहा वर्षं, उपपदासाठी सात, आणि सहायक म्हणून नवीन वकीलही जाऊ शकतात. खासगी वकिली करता येत नाही. आमच्यातल्या एका मुलीने एमएसडब्ल्यूनंतर संध्याकाळी अभ्यास करून एलएलबी केलं आणि आज तिच्या उलटतपासणीला जुने वकील मागे बसून ऐकतात. आताच पाय भिजवायचे असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची विधी स्वयंसेवक हो. मानधन तुटपुंजं असतं, पण तुरुंगाचं फाटक उघडतं. तुरुंग खात्यात अधिकारी होणं ही वेगळी वाट. गणवेशातले काही अधिकारी या कामाचे सगळ्यात मोठे आधार असतात, हे मी मनापासून सांगते.

नेतृत्वाचं विचारलंस, तिथे मला जास्त बोलायचंय.

या क्षेत्रात तुझ्या हाताखाली जवळजवळ कोणीच नसतं. पोलीस गृहखात्याचे, तुरुंग वेगळा विभाग, कोर्ट उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत, तहसीलदार महसूलचा. तू कोणालाही हुकूम देऊ शकत नाहीस. तरी माणूस बाहेर यायचा असेल तर या सगळ्यांनी एकाच आठवड्यात आपापला एक कागद हलवावा लागतो. ते कसं घडवतेस, तेवढं तुझं नेतृत्व.

एक उदाहरण. काही वर्षांपूर्वी आमच्या लक्षात आलं की आदेश पोचूनही काही जणांची सुटका दोन-दोन दिवस लांबतेय. मी चिडून पत्र लिहायला बसले होते. त्याआधी आमची एक सहकारी तुरुंगाच्या कार्यालयात जाऊन लिपिकाशेजारी दोन तास बसली. त्याने तिला दोन कागद शेजारी ठेवून दाखवले. वॉरंटवर, म्हणजे माणसाला तुरुंगात ठेवायच्या कोर्टाच्या कागदावर, 'शेख' आणि सुटकेच्या आदेशावर 'शैख'. दुसऱ्या प्रकरणात वडिलांच्या नावातली एक वेलांटी वेगळी. चुकीचा माणूस सोडला तर त्या लिपिकाची नोकरी जाईल, म्हणून तो खुलासा मागवायचा. त्याची काही चूक नव्हती. चूक नावं कानाने ऐकून लिहिणाऱ्या सगळ्यांची होती, आम्हीही त्यात आलो. मग आम्ही नियम केला की जामिनाच्या अर्जासोबत वॉरंटची झेरॉक्स जोडायची आणि नाव वॉरंटवर आहे तसंच्या तसं लिहायचं, चुकीचं असलं तरी. पत्र मी फाडून टाकलं. ते पाठवलं असतं तर तो लिपिक पुन्हा कधी आम्हाला कागद दाखवायला बसला नसता.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे, आणि ती लपवून मी तुला काही शिकवू शकत नाही. एका प्रकरणात आमच्या अहवालात 'पत्त्याची खात्री केली' असं लिहिलं होतं. खात्री फोनवर केली होती, घरी कोणी गेलं नव्हतं. शेवटची सही माझी. फोनवर बोलणारा काका खरा काका नव्हता. मुलगा सुटला आणि दिसेनासा झाला. न्यायाधीशांनी पुढच्या तारखेला मला बोलावून एवढंच विचारलं, "तुम्ही घर पाहिलंत का?" मी नाही म्हणाले. त्यानंतर कितीतरी महिने त्या कोर्टात आमचा अहवाल ठेवला की ते तो बाजूला सरकवायचे. त्या काळात तिथे जी माणसं उभी राहिली, ज्यांची माहिती अगदी खरी होती, त्यांनी माझ्या त्या एका ओळीची किंमत मोजली. हे मला अजून टोचतं.

त्यानंतर अहवालाचा नमुना बदलला. प्रत्येक माहितीपुढे तीन रकाने: पाहिलं, ऐकलं, कळलं नाही. घर स्वतः पाहिलं तर पहिल्यात खूण, शेजाऱ्याने सांगितलं तर दुसऱ्यात, आणि पत्ता लागलाच नाही तर तसं सरळ तिसऱ्यात. नवीन मुलांना तिसऱ्या रकान्याची भीती वाटते. आपल्या माणसाचं नुकसान होईल, असं त्यांना वाटतं. झालं उलटंच. तिसऱ्या रकान्यात खुणा दिसायला लागल्यावर न्यायाधीश पहिल्या रकान्यावर विश्वास ठेवायला लागले. पुढे टीम चालवशील तेव्हा हा विश्वास सांभाळणं तुझ्याकडे असेल. कधी एखाद्याची आई पाया पडेल, कधी वरिष्ठ म्हणतील आकडे कमी दिसताहेत, थोडं सैल लिहा. तेव्हा नाही म्हणणं हे प्रमुखाचं काम आहे, कनिष्ठावर ते ढकलायचं नाही.

सोडू नका असं सांगायची वेळही येते. बायकोला मारहाण केल्याचा गुन्हा होता. घरचा पत्ता पक्का, नोकरी पक्की, जामीनदार तयार. सगळ्या खुणा पहिल्या रकान्यात. पण तो परत जाणार होता ते घर म्हणजे तिचंच घर. आमची कार्यकर्ती तिला जाऊन भेटली, तिचं म्हणणं नोंदवलं आणि अहवालात लिहिलं की राहायची दुसरी सोय झाल्याशिवाय या पत्त्यावर सोडणं धोक्याचं आहे. त्याच्या भावाच्या खोलीची सोय झाली आणि कोर्टाने त्या अटीवर जामीन दिला. आरोपीसाठी काम करतो म्हणजे तक्रारदाराकडे पाठ फिरवतो असं नाही. तारखेला माणूस हजर राहावा आणि दरम्यान कोणाला इजा होऊ नये, ही दोन्ही ओझी आपल्याच खांद्यावर आहेत.

तारखेवरून आठवलं. सुटलेली माणसं तारखा चुकवतात त्यातली बरीच पळून जाण्यासाठी नाही. तारीख कळलेली नसते, कोर्टाची खोली बदललेली असते, त्या दिवशीचा रोज बुडवला तर घरात चूल पेटत नाही. आदल्या संध्याकाळी केलेला एक फोन, "उद्या अकरा वाजता, तिसरा मजला, डब्यासहित ये, वेळ लागेल," एवढ्याने अटकेची वॉरंट टळतात. आमच्याकडे ही जबाबदारी सगळ्यात नव्या माणसाला देतो. त्यातून तो माणसं ओळखायला शिकतो.

आणि टीम म्हणजे माणसं. वडील आजारी होते तेव्हा मी तीन महिने रजेवर होते. परत आले तर दर मंगळवारची आमची यादी, म्हणजे जामीन होऊनही आत असलेल्यांची यादी, बंद पडलेली. ती माझ्या डोक्यात चालत होती, कोणाच्या हातात दिलेली नव्हती. यादीत अकरा नावं होती. त्या तीन महिन्यांत त्यातलं एकही हललं नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक काम दोघांना यायलाच हवं असा आग्रह धरला, आणि दर तीन महिन्यांनी कच्च्या कैद्यांच्या पुनर्विलोकन समितीची बैठक होते, जिचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात, तिथे ती यादी रीतसर जाईल अशी सोय करून घेतली. आता मी नसले तरी मंगळवार होतो. शनिवारी आम्ही तासभर नुसते बसतो. कोणाला आठवड्यात काय झेपलं नाही ते बोलायचं, उपाय सुचवायचे नाहीत. पहिल्या वर्षी प्रत्येकजण एकदा तरी रडतो. जो रडत नाही त्याच्याकडे मी जास्त लक्ष देते.

घरच्यांबद्दल. मला वडील म्हणाले होते, मुलीने तुरुंगात जायचं? मी वाद घातला नाही, त्यांना एकदा नातेवाइकांच्या भेटीच्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाबाहेर घेऊन गेले. पिशव्या घेऊन सकाळपासून रांगेत बसलेल्या आया, कडेवरची पोरं. ते पुढच्या झाडाखाली उभे राहिले आणि एका म्हातारीला फॉर्म भरून द्यायला लागले. त्यानंतर विरोध केला नाही. तुझ्या आईला घेऊन जा. सुरक्षिततेचं विचारतील तर खरं सांग: तुरुंगात तू कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोर असतेस. काळजी वस्तीत पत्ता शोधताना घ्यायची. पहिलं वर्ष एकटीने जायचं नाही आणि अंधार पडल्यावर तर मुळीच नाही.

नोकरी आज सोडू नकोस. रजेचे दोन दिवस घे आणि शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात दुपारनंतर रिमांड, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं का हे ठरवणाऱ्या सुनावण्या, चालतात तिथे मागच्या बाकावर बस. न्यायालय खुलं असतं, कोणी अडवणार नाही. एक वही ने. प्रत्येक आरोपीला किती मिनिटं मिळाली ते लिही. त्याच्या बाजूने कोणी बोललं का, घराबद्दल, कामाबद्दल एक तरी प्रश्न विचारला गेला का, नातेवाईक मागे उभे होते का, त्यांना तारीख कळली का, हेही लिही. मग त्यातल्या एका कुटुंबाशी बाहेर चहाच्या टपरीवर बोल आणि त्यांना एवढंच विचार की आता पुढे काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलंय का. ती वही भरली की मला कळव. येताना सोबत आण, आपण पानं उलटत बोलू.